बारी बंदराची बखर

इटली म्हटले की आपल्याकडच्या प्रवाशाच्या डोळ्यांपुढे रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही त्रिस्थळी यात्रा उभी राहते. फार तर कोणी दक्षिणेला नेपल्सपर्यंत जातो, पोम्पेईचे अवशेष पाहतो आणि माघारी फिरतो. बुटाच्या आकाराच्या या देशाची टाच जिथे आहे, त्या पुलिया प्रांताकडे आपल्या माणसांची पावले सहसा वळत नाहीत. या प्रांताची राजधानी बारी. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचे हे जुने बंदर आहे. पलीकडच्या तीरावर अल्बानिया, त्याच्या खाली ग्रीस आणि पुढे तुर्कस्तान. म्हणजे हे शहर इटलीचे खरे, पण त्याचे तोंड कायम पूर्वेकडे.

एका परिसंवादासाठी मी रोमला गेलो होतो. काम शुक्रवारी संपले आणि परतीचे विमान सोमवारी होते. जुलैचे दिवस. बरोबरच्या मंडळींनी रोममध्येच खरेदी करायचे ठरवले. मी मात्र एका पिशवीत दोन सदरे आणि पाण्याची बाटली घेऊन शनिवारी सकाळी बारीची गाडी धरली. बेनेव्हेंतोचे डोंगर ओलांडले की फोज्जाचे गव्हाचे मैदान लागते. कापणी होऊन गेलेली, जमीन पिवळीधमक, मैलोन्मैल सावली नाही. पुढे ऑलिव्हच्या बागा सुरू होतात आणि डाव्या हाताला समुद्र दिसू लागतो. साधारण चार तासांचा प्रवास.

बारी या शब्दाचा मराठीत अर्थ पाळी किंवा खेप. इटालियन नावाशी त्याचा काही संबंध नाही. पण या गावाचा इतिहास वाचताना तो अर्थ मनातून जात नाही, कारण बारीवर राज्य करण्याची बारी एकामागून एक बहुतेक सगळ्यांवर आली. रोमन झाले, गॉथ झाले, लोंबार्ड झाले. इ.स. ८४७ मध्ये अरबांनी शहर घेतले आणि चोवीस वर्षे इटलीच्या मुख्य भूमीवर, इथे, एक अमीर नांदत होता. ही गोष्ट इटलीच्या शाळेतल्या पुस्तकांतही ओझरतीच येते. ८६७ च्या सुमारास बर्नार्ड नावाचा एक फ्रँक भिक्षू जेरुसलेमच्या यात्रेला निघाला, तेव्हा तो आधी बारीला आला आणि त्याने अमिराकडून प्रवासाचा परवाना घेतला. ख्रिस्ती यात्रेकरूला मुसलमान अमिराने दिलेले ते पारपत्र. त्याच बर्नार्डने पुढे तारांतोच्या बंदरात गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या ख्रिस्ती बंद्यांनी भरलेली जहाजे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या आणि एकाच माणसाने पाहिलेल्या. इतिहासाला एकच रंग देणाऱ्यांनी हा भिक्षू जरूर वाचावा.

८७१ मध्ये सम्राट दुसऱ्या लुईने अमिराचा पाडाव केला. ८७६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सत्तेने शहर ताब्यात घेतले आणि बारी दक्षिण इटलीतील त्यांची राजधानी झाली. पुढे इथल्या सुभेदाराला 'कातेपान' म्हणत. जवळजवळ दोनशे वर्षे हा अंमल टिकला. रयतेत मोठा भाग लोंबार्ड आणि लॅटिन रीतीचा, दरबार ग्रीक, शिवाय ज्यू आणि आर्मेनियन वस्ती. सीमेवरच्या गावात राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. दाराबाहेर एक भाषा, कचेरीत दुसरी आणि देवळात तिसरी.

शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास मी जुन्या गावात शिरलो, तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. दक्षिण इटलीत या वेळेला 'कोंत्रोरा' म्हणतात. जेवण झाल्यापासून उन्हे उतरेपर्यंतची ही वेळ. दुकाने बंद, खिडक्यांच्या लाकडी झडपा मिटलेल्या, आतून ताटे विसळल्याचा आवाज तेवढा येतो. जुने गाव एका भूशिरावर वसले आहे. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात. पायाखालचे दगड शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेले. गल्ल्या सरळ नाहीत. वळतात, कमानीखालून जातात, कोणाच्या तरी अंगणात संपतात. समुद्रावरचा वारा अडावा आणि आत घुसलेला शत्रू चुकावा, दोन्हींना ही रचना उपयोगाची. १९९० च्या दशकापर्यंत परक्याने या गल्ल्यांत जाऊ नये, पाकीटमार आणि पिशव्या हिसकावणारी पोरे सोडणार नाहीत, असे खुद्द बारीकरच सांगत. आता तसे राहिलेले नाही. मी दोन तास एकटा हिंडलो. भेटली ती एक मांजर आणि कोनाड्यातल्या मेरीच्या मूर्तीपुढे फुले बदलणारी एक आजी.

या गल्ल्यांतून चालता चालता एकदम मोकळे पटांगण लागते आणि समोर सेंट निकोलसची बाझिलिका उभी राहते. पांढऱ्या दगडाची, उंच, जवळजवळ किल्ल्यासारखी. मुख्य दाराच्या खांबांना दोन दगडी बैलांनी पाठीवर घेतले आहे. रोम-फ्लॉरेन्सच्या चर्चमधला संगमरवराचा थाट इथे नाही. पण या इमारतीची जन्मकथा कोणत्याही कादंबरीला मागे टाकेल अशी आहे, कारण ती एका चोरीची कथा आहे.

त्यासाठी १०७१ या सालाकडे जावे लागते. त्या वर्षी बायझंटाइन साम्राज्याला दोन टोकांना दोन घाव बसले. एप्रिलमध्ये, जवळजवळ तीन वर्षांच्या वेढ्यानंतर, रॉबर्ट गिस्कार्ड या नॉर्मन सरदाराने बारी घेतली. ऑगस्टमध्ये आशिया मायनरच्या पूर्व टोकाला, मांझिकर्टच्या लढाईत, सेल्जुक तुर्कांनी सम्राटालाच कैद केले. पहिल्या घावाने बारीची राजधानी गेली आणि दरबार, अधिकारी, त्यांच्यावर जगणारा व्यापार यांना ओहोटी लागली. दुसऱ्या घावाने आशिया मायनर असुरक्षित झाले. तिथे किनाऱ्यावर मायरा नावाच्या गावी (आजचे तुर्कस्तानातील देम्रे) चौथ्या शतकातील बिशप निकोलसची समाधी होती. खलाशांचा, मुलांचा आणि अडल्या-नडल्यांचा तो कैवारी. आज साऱ्या जगात नाताळच्या रात्री लाल डगला घालून फिरणारा सांताक्लॉज हा याच निकोलसचा फार पुढचा अवतार.

१०८७ च्या वसंतात बारीची तीन व्यापारी जहाजे अँटिओककडे गेली. परत येताना ती मायराला लागली. खलाशी यात्रेकरू म्हणून देवळात गेले, राखण करणाऱ्या भिक्षूंना आधी पैशाने आणि मग धाकाने गप्प केले, समाधीची फरशी फोडली आणि संताच्या अस्थी उचलून जहाजात ठेवल्या. व्हेनिसचे लोकही याच अस्थींवर टपून आहेत अशी कुणकुण त्यांना होती, म्हणून घाई. ९ मे १०८७ रोजी जहाजे बारीच्या बंदरात आली.

पुढचा भाग अधिक मनोरंजक आहे. आर्चबिशपला अस्थी आपल्या कॅथीड्रलमध्ये हव्या होत्या. खलाशी आणि गावकरी म्हणाले, आम्ही आणल्या, आम्ही वेगळे देऊळ बांधणार. वाद हातघाईवर आला, रस्त्यात माणसे मेली. शेवटी एलियास नावाच्या मठाधिपतीने मध्यस्थी केली. कातेपानाचा जुना वाडा ओस पडला होता, त्याच जागी नवे देऊळ उभे करायचे ठरले. गेलेल्या सत्तेच्या वाड्यावर गावाने स्वतःचा देव बसवला. १०८९ मध्ये पोप दुसऱ्या अर्बनने स्वतः येऊन अस्थी तळघरात स्थापन केल्या. म्हणजे चोरीच्या मालावर धर्मपीठाचा शिक्का बसला. त्यानंतर राजधानी नसलेली बारी यात्रेचे ठिकाण झाली, आणि काही वर्षांनी जेरुसलेमच्या धर्मयुद्धांना निघालेल्या फौजांच्या वाटेवर आली.

मूर्ती परमुलखात नेण्याच्या कथा आपल्याला नव्या नाहीत. कृष्णदेवरायाने पंढरीचा पांडुरंग विजयनगरला नेला आणि पैठणच्या भानुदासांनी तो परत आणला, ही आख्यायिका सीमेच्या दोन्ही बाजूंना सांगितली जाते. फरक एवढाच, की मायराला कोणी भानुदास भेटला नाही. बारीकरांना या चोरीची लाजही नाही. दरवर्षी मे महिन्यात संताची मूर्ती नावेत बसवून समुद्रात मिरवतात. अस्थी आणणाऱ्या ६२ खलाशांची नावे एका चर्मपत्रावर लिहून ठेवलेली आहेत आणि ती आजही टिकून आहेत. राजे, पोप यांची नावे टिकतात यात नवल नाही. अकराव्या शतकातल्या खलाशांची नावे टिकावीत, हे मात्र क्वचित घडते.

मी तळघरात उतरलो तेव्हा बाहेरच्या उन्हानंतर तिथला गारवा अंगावर आला. बुटक्या खांबांची रांग आणि मधोमध समाधी. डोक्यावर रुमाल बांधलेल्या काही बायका फरशीवर कपाळ टेकून होत्या. त्यांची प्रार्थना इटालियन नव्हती, स्लाव्ह वळणाची होती. पोपला न मानणारा ऑर्थोडॉक्स पंथही निकोलसला तितकाच मानतो आणि कॅथलिक देवळाच्या या तळघरात त्यांना पूजेची मोकळीक आहे. १०५४ मध्ये फुटलेले दोन पंथ एका चोरलेल्या संतापाशी अजून एकत्र येतात. ७ जुलै २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पश्चिम आशियातील शांततेच्या प्रार्थनेसाठी पूर्वेकडच्या चर्चप्रमुखांना बोलावले, ते याच समाधीपाशी.

वरच्या मजल्यावर मुख्य वेदीच्या मागे एका राणीची समाधी आहे. बोना स्फोर्झा ही मिलानच्या घराण्यातली आणि बारीची वारसदार. १५१८ मध्ये पोलंडच्या राजाशी तिचे लग्न झाले. म्हातारपणी मुलाशी पटेना म्हणून ती बारीला परतली आणि १५५७ मध्ये इथेच मेली. विषप्रयोग झाला असे म्हणतात आणि संशयाचे बोट तिच्याच विश्वासू कारभाऱ्याकडे जाते. तिने स्पेनच्या राजाला दिलेले प्रचंड कर्ज पोलंडला पूर्ण कधीच परत मिळाले नाही. एवढी थोर राणी, पण शेवट माहेरच्या गावी, परक्या राजाच्या अमलाखाली झाला.

संध्याकाळी सहानंतर गाव जागे झाले. जुने गाव ओलांडून रुंद रस्त्यापलीकडे गेले, की एकदम दुसरे शहर सुरू होते. सरळ रस्ते, काटकोनातले चौक, बुद्धिबळाच्या पटासारखी आखणी. ही नेपोलियनचा मेहुणा, नेपल्सचा राजा झोआकिम म्युरा, याची देणगी. १८१३ मध्ये त्याच्या हुकुमाने नव्या बारीची पायाभरणी झाली. नवे शहर पुरे होण्याची वाट पाहायला राजा उरला नाही. १८१५ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. रस्त्याच्या एका बाजूला वळणावळणाचे गाव, दुसऱ्या बाजूला फूटपट्टीने आखलेले. बेळगावात जुनी पेठ सोडून कॅम्पात शिरताना जो बदल जाणवतो, तो मला इथे पदोपदी आठवत होता.

रविवारी सकाळी पुन्हा जुन्या गावात गेलो. किल्ल्याजवळच्या एका गल्लीत दारोदारी बायका लाकडी पाट मांडून बसल्या होत्या. रव्यासारख्या जाडसर पिठाची कणीक, तिची सुरळी, तिचे तुकडे, प्रत्येक तुकडा सुरीच्या पात्याने ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. झाला छोटा कान. 'ओरेक्किएत्ते' म्हणजे इवलेसे कान. मला आपल्याकडच्या नखुल्या, शंखुल्या, गव्हले आठवले. लग्नघरी रुखवतासाठी बायका मांडीवर ताट घेऊन ज्या वेगाने ते वळत, तोच वेग, तीच नजर भलतीकडे आणि तोंडाने गप्पा. मी थांबून पाहत राहिलो तसे एका बाईने हाताने खूण करून कणकेचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. माझा कान काही तिच्या पसंतीला उतरला नाही. तिने तो हसून बाजूला ठेवला.

तिथून बंदर जवळ. धक्क्यावर कोळी ऑक्टोपस दगडावर आपटून मऊ करीत होते. समोर स्वच्छ निळे पाणी. याच पाण्यात २ डिसेंबर १९४३ च्या संध्याकाळी जे घडले, ते या गावाच्या इतिहासातील सर्वांत काळे प्रकरण आहे, आणि सर्वांत जास्त काळ लपवलेलेही.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर बारी दोस्त राष्ट्रांच्या हाती आली आणि ब्रिटिश आठव्या सेनेचे मुख्य रसदबंदर झाली. त्या संध्याकाळी बंदर जहाजांनी खचाखच भरले होते आणि दिव्यांच्या उजेडात माल उतरवणे चालू होते. जर्मन विमानदल आता उरले नाही असा ब्रिटिश अधिकाऱ्यांचा ग्रह होता. साडेसातच्या सुमारास शंभरच्या आसपास जर्मन विमाने आली आणि अर्ध्या तासाच्या आत डझनाहून अधिक जहाजे बुडाली. त्यांत 'जॉन हार्वे' नावाचे अमेरिकन जहाज होते. त्याच्या पोटात मस्टर्ड वायूचे २,००० बॉम्ब होते. विषारी वायू वापरायला १९२५ च्या जिनिव्हा कराराने बंदी घातली होती. जर्मनांनी वापरलाच तर प्रत्युत्तर म्हणून हा साठा गुपचूप आणला होता. जहाजावर तो आहे हे ज्यांना ठाऊक होते, ते जहाजाबरोबरच गेले.

मस्टर्ड बंदरातल्या तेलात मिसळले. पाण्यातून काढलेले खलाशी तेलाने माखलेले होते. रुग्णालयात त्यांना तसेच ओल्या कपड्यांत, ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवले, कारण डॉक्टरांना काहीच सांगितलेले नव्हते. सकाळपर्यंत अंगावर फोड आले, डोळे मिटले. मस्टर्डने बाधलेले ६२८ रुग्ण नोंदले गेले आणि त्या महिनाअखेरपर्यंत त्यांतले ८३ दगावले. ही झाली लष्करी रुग्णांची मोजदाद. वायूचा ढग गावावरून गेला, तेव्हा जुन्या गावातले किती बारीकर मेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

स्टुअर्ट अलेक्झांडर या अमेरिकन लष्करी डॉक्टरने काही दिवसांत मस्टर्ड ओळखले. कोणता रुग्ण कोणत्या जहाजावर होता हे मांडून त्याने विषाचा उगमही शोधला. पण पंतप्रधान चर्चिल यांनी ते मान्य केले नाही. ब्रिटिश कागदांतून मस्टर्डचा उल्लेख काढून 'शत्रूच्या कारवाईने भाजल्यामुळे' असे कारण लिहिण्यात आले. अमेरिकेने कागद खुले केले ते १९५९ मध्ये. अलेक्झांडरचा सरकारी गौरव झाला तो १९८८ मध्ये. दरम्यान कितीतरी वर्षे समुद्रतळावरचे बॉम्ब कोळ्यांच्या जाळ्यात येत राहिले आणि त्यांचे हात भाजत राहिले.

या प्रकरणाला एक विलक्षण शेपूट आहे. मेलेल्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्याचे अलेक्झांडरने नोंदवले होते. अमेरिकेत येल विद्यापीठात मस्टर्डच्याच जातीच्या नायट्रोजन मस्टर्डचा कर्करोगावर प्रयोग १९४२ मध्येच गुपचूप झाला होता. बारीच्या अहवालाने त्या दिशेला पुष्टी मिळाली. आज ज्याला केमोथेरपी म्हणतात, तिच्या मुळाशी असलेल्या धाग्यांतला एक धागा या धक्क्याला बांधलेला आहे. म्हणून बारीकरांचे मरण सत्कारणी लागले, असे म्हणण्याचा अधिकार मात्र कोणाला नाही. त्यांना कोणी विचारले नव्हते.

याच बंदराशी आपलेही एक नाते आहे आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन तारांतोला उतरली. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. ज्या रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, तीच ही. बारीवर बॉम्ब पडले त्याच आठवड्यात ही डिव्हिजन उत्तरेला सांग्रो नदीच्या चिखलात लढत होती, आणि त्या आघाडीची मुख्य रसद याच बंदरातून चढत होती. पुढे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूचा मशीनगनचा मोर्चा मारला आणि तिथेच देह ठेवला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सांग्रोच्या युद्धस्मशानात पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांचे दहनस्मारक आहे. ज्यांना कबर नाही, त्यांची नावे तिथे कोरली आहेत. ही माणसे कोणाच्या युद्धात, कोणाच्या हुकुमाने मेली, हा प्रश्न आहेच. पण त्यांची गावे आपली होती.

संध्याकाळच्या गाडीपूर्वी मी बंदराच्या दुसऱ्या धक्क्यावर जाऊन आलो. ८ ऑगस्ट १९९१ रोजी 'व्लोरा' नावाचे अल्बानियाचे जहाज इथे लागले. ते क्यूबाहून साखर घेऊन दुर्रेसला आले होते. राजवट कोसळल्यावर लोकांनी ते बळजबरीने ताब्यात घेतले आणि कप्तानाला इटलीकडे न्यायला लावले. त्यावर सुमारे २०,००० माणसे होती. शिडांच्या काठ्यांवर, दोरांवर लटकलेली. सरकारने त्यांना फुटबॉलच्या जुन्या मैदानात कोंडले आणि भर उन्हात वरून अन्नाची पाकिटे टाकली. बारीचे महापौर एन्रिको दाल्फिनो यांनी विरोध केला. ही माणसे आहेत, यांना माणसांसारखे ठेवा, एवढेच त्यांचे म्हणणे. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांच्यावरच जाहीर तोंडसुख घेतले. बहुतेक सगळ्यांना काही दिवसांत परत पाठवण्यात आले. दाल्फिनो १९९४ मध्ये वारले. आज गावात त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

दोन दिवसांत शहर कळत नाही. पण सीमेवरच्या गावाला सीमेवरचा माणूस जरा लवकर ओळखतो. राजधानीत बसलेल्यांना असे गाव म्हणजे नकाशावरची रेघ, रसदीचा धक्का किंवा डोकेदुखी वाटते. तिथे राहणाऱ्यांना मात्र आलेल्या प्रत्येकाशी, अमिराशी, कातेपानाशी, चोरून आणलेल्या संताशी आणि साखरेच्या जहाजातून उतरलेल्या उपाश्यांशी, काहीतरी व्यवहार करावाच लागतो. बारीने तो कधी चांगला केला, कधी वाईट. ६२ खलाशांची नावे तिने नऊशे वर्षांहून अधिक काळ जपली आहेत. डिसेंबर १९४३ मधल्या आपल्याच माणसांची नावे मात्र तिला जपू दिली गेली नाहीत. बेळगावहून कोणी त्या बाजूला गेलेच, तर निकोलसचे दर्शन घ्यावे, ओरेक्किएत्ते खावेत आणि सवड काढून उत्तरेला सांग्रोपर्यंत जाऊन यावे. तिथल्या दगडावरची काही आडनावे आपल्या गावांत आजही हाक मारली की ओ देतात.